टोपीवाला कॉर्नर

ज्या कोपऱ्याला नाव होतं, त्याला नाव द्यावं असा अर्ज मी केला.

अर्ज शुद्ध मराठीत होता, अक्षर वळणदार होतं, डाव्या बाजूला समास सोडलेला होता आणि एकंदर प्रकार मूर्खपणाचा होता. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मला तेव्हाच ठाऊक होत्या. चौथी कासमभाईंनी सांगितली, तीसुद्धा फार हळू आवाजात. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

कासमभाई टोपीवाले यांचं टोप्यांचं दुकान पुण्याच्या कॅम्पात, मेन स्ट्रीटच्या एका कोपऱ्यावर होतं. मेन स्ट्रीट म्हणजे एम. जी. रोड. साहेब गेल्यावर त्याच्या मिरवायच्या रस्त्याला आपण महात्म्याचं नाव दिलं, पाट्या लावल्या, पत्रव्यवहार त्या नावाने सुरू केला आणि बोलताना सगळे मेन स्ट्रीटच म्हणत राहिले. तरुणपणी विलायती कापडाची होळी केलेले माझे सदाशिव पेठेतले काकासुद्धा बूट घ्यायचे झाले की, "जरा मेन स्ट्रीटला जाऊन येतो," म्हणून बाहेर पडत.

माझी बँकेतली बदली त्या रस्त्यावरच्या शाखेत झाली, तेव्हा आमच्या आळीत मला जवळजवळ निरोप समारंभच झाला. पेठेतल्या माणसाला कॅम्प म्हणजे अर्धी विलायत. पहिल्या दिवशी मी टाय बांधून निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर एक उंच, सडपातळ गृहस्थ वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच पुसत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टायकडे पाहिलं आणि म्हणाले, "उशीर केलात. ते गेले."

आमची ओळख ही अशी झाली. दुसऱ्या दिवसापासून टाय घरी राहिला आणि डबा खाऊन झाला की मी त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागलो.

टोपीवाले असून ते स्वतः बोडके असत. फक्त शुक्रवारी दुपारी विणलेली पांढरी टोपी घालून मशिदीत जात आणि परत आले की ती घडी करून खिशात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याचं डोकं बघायचं तर आपलं मोकळं पाहिजे." डोक्याचं माप ते टेपने घेतच नसत. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्यांची नजर कपाळावरून फिरून यायची. माझं त्यांनी केलेलं निदान होतं, "माप मध्यम, वर थोडी हवा."

दुकानाला रस्त्याच्या बाजूने मोठी काचेची खिडकी होती. आत पितळी खुंट्यांची ओळ आणि मधली खुंटी बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. त्या मधल्या खुंटीवर चालू काळाची टोपी लागायची. वडिलांच्या काळात तिथे साहेबाची उन्हातली सोला हॅट होती. मग पांढरी टोपी आली आणि तिने इतकी वर्षं मुक्काम केला की तिच्या घडीत धूळ साठली तरी काढायला हात होईना, असं कासमभाई सांगत. नंतर भगवा तयार फेटा आला. मग अंगावर घोषणा छापलेली पांढरी टोपी, मग पुन्हा फेटा. अगदी शेवटी हडपसरच्या कंपन्यांतल्या पोरांची, पुढे चोच असलेली टोपी लागली. ती मात्र ते नाराजीने लावत. "हिच्यावर मालकाचं नाव असतं. घालणारा कोण ते कळत नाही." रस्त्याने जाणारे जुने लोक चालता चालता मधल्या खुंटीवर नजर टाकत. दिल्लीत आणि मुंबईत काय चाललंय ते त्यांना पेपरात वाचायची गरज उरत नसे.

आणीबाणीत कासमभाईंनी ती खुंटी रिकामी ठेवली. एका दुपारी मी तिथे बसलेलो असताना हवालदार आला.

"मधलं का रिकामं?"

"माल संपला."

"मग बाजूची लावा तिथं."

"बाजूची बाजूलाच शोभते, जमादारसाहेब."

हवालदाराने बराच वेळ विचार केला. यात गुन्हा कुठे आहे ते त्याला सापडेना. शेवटी मुलाच्या शाळेतल्या नाटकासाठी एक टोपी घेऊन तो गेला.

त्याच दिवसांत आमच्या दोघांच्याही ओळखीचे एक मास्तर मागच्या दाराने आले. खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी, वॉरंट निघालेलं. त्यांना वेषांतर करायचं होतं. "साहेबी हॅट द्या," म्हणाले.

कासमभाई म्हणाले, "मास्तर, बोडके जा. या गावात बोडक्या माणसाकडे कोण बघतं?"

मास्तरांना पटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी म्हणालो की तपकिरी फेल्ट हॅटमध्ये मास्तर अगदी ओळखू येणार नाहीत. मास्तर ती हॅट घालून बाहेर पडले आणि रस्त्याचं टोक गाठायच्या आत पकडले गेले. झब्ब्यावर फेल्ट हॅट घातलेला त्या दिवशी अख्ख्या पुण्यात तो एकच इसम होता. सुटून आल्यावर ते हॅट परत करायला आले. "फारशी वापरली नाही," म्हणाले. कासमभाईंनी ती घेतली, झटकली आणि माझ्यासमोर ठेवली. "ही तुमची."

कोपऱ्याचं नाव मात्र कासमभाईंचं नव्हतं, त्यांच्या वडिलांचं, इब्राहीमभाईंचं होतं. साहेब गेला त्या वर्षी इब्राहीमभाईंच्या माळ्यावर सोला हॅटींची चळत पडून राहिली. घेणारे बोटीत बसले होते आणि राहिलेल्यांपैकी कोणी ती डोक्याला लावायला तयार नव्हता. व्यापारी म्हणत, जाळून टाका, चार लोक बघतील तरी. इब्राहीमभाईंनी त्या खाली उतरवल्या आणि कोपऱ्यावर उन्हात उभ्या असलेल्या टांगेवाल्यांना वाटल्या. पुढे काही वर्षं कॅम्पातले टांगेवाले साहेबाच्या हॅटी घालून घोडे हाकत होते. कोणी विचारलं, कुठे मिळाली रे, तर म्हणत, टोपीवाल्याच्या कॉर्नरला. टांगे गेले, रिक्षा आल्या आणि नाव तसंच राहिलं. खडकीहून यायचं असो की हडपसरहून, 'टोपीवाला कॉर्नर' म्हटलं की रिक्षा बरोबर त्या पायरीपाशी थांबायची. कासमभाई स्वतःबद्दल कधी काही सांगत नसत, पण एखाद्या अनोळखी रिक्षावाल्याच्या तोंडून ते नाव ऐकलं की काच पुसता पुसता त्यांचा हात क्षणभर थांबायचा. हे मी पाहिलं होतं. पाहिलं नसतं तर पुढचा घोळ झाला नसता.

घोळाकडे यायच्या आधी पाटीचा प्रसंग सांगायला हवा, म्हणजे माझ्या मदतीची जात कळेल.

इंग्रजी पाट्यांना डांबर फासायची चळवळ मेन स्ट्रीटवर पोचली. चार-पाच पोरं डबा घेऊन दुकानासमोर आली. कासमभाई पायरीवर येऊन म्हणाले, "या. डांबर तेवढं बाहेर ठेवा, आत पांढरा माल आहे." चहा आला. चहा पिता पिता ते म्हणाले, "फासा, माझी ना नाही. पण नंतर मराठीत काय लिहू ते सांगून जा."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एक म्हणाला 'टोपी मार्ट'. दुसरा म्हणाला, मार्ट इंग्रजी झालं. वाद वाढला, तेव्हा कासमभाईंनी बँकेतून मला बोलावून घेतलं. मी एका दमात सांगितलं, 'शिरस्त्राण भांडार'. पोरं प्रभावित झाली. डबा न उघडता गेली. पाटी लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुचाकीवाल्यांना हेल्मेटची सक्ती झाली आणि दुकानात माणसं हेल्मेट मागत येऊ लागली. मग पुण्यात जे व्हायचं तेच झालं. सक्तीविरोधी मोर्चा निघाला आणि तो वाटेत शिरस्त्राण भांडारासमोर थांबून घोषणा देऊन पुढे गेला. कासमभाईंनी पाटी उतरवली आणि तिथे नुसतं 'टोपीवाले' असं लिहून घेतलं. मला म्हणाले, "तुमचं मराठी भारी आहे, देवधर. आम्हाला जरा रोजच्या वापरातलं द्या."

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी निवृत्त झालो.

निवृत्त पुणेकर, मोकळी दुपार आणि कोरा कागद एकत्र येऊ देऊ नये. त्या सुमारास शहरात चौकांना नावं देण्याची साथ आलेली होती. दोन गल्ल्या चुकून जरी एकमेकींना भेटल्या तरी तिथे खांब, खांबावर पाटी आणि पाटीवर कोणीतरी कैलासवासी. ज्यांना हयातीत गल्लीत कोणी विचारलं नव्हतं, त्यांचेही चौक झाले. मला वाटलं, मग इब्राहीमभाईंनीच काय घोडं मारलंय? मी कासमभाईंपाशी विषय काढून पाहिला.

"नको," ते म्हणाले. "पाटीवर गेलं की नाव कचेरीचं होतं. लोकांच्या तोंडात आहे, बरं आहे."

मी याला विनय समजलो. आमच्याकडे पेठेत विनय फारसा पाहायला मिळत नाही, त्यामुळे ओळखण्यात चूक होते. मी गुपचूप अर्ज लिहिला आणि कचेरीत देऊन पोच घेतली. चौकाला पाटी लागल्यावरच त्यांना सांगायचं ठरवलं होतं.

माझ्या अर्जामुळे कचेरीच्या लक्षात आलं की या कोपऱ्याला कागदोपत्री नावच नाही. इतकी वर्षं ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली : सदर चौक अनामिक असल्याने नागरिकांकडून नावे व हरकती मागविण्यात येत आहेत. कासमभाईंना ती दिसली काच पुसताना, हातातल्या बोळ्यावर. मी पोचलो तेव्हा कागद सरळ करून ते वाचत होते.

"देवधर, हे तुम्ही?"

"तुम्हाला चकित करायचं होतं."

"झालो," ते म्हणाले आणि पुन्हा काच पुसू लागले.

मग तीन पक्षांची तीन नावं आली. एकाला एक सेनापती हवे होते, दुसऱ्याला एक समाजसुधारक आणि तिसऱ्याला नुकतेच वारलेले आपलेच एक पुढारी, दाजी. पहिल्या दोघांचा त्या कोपऱ्याशी काही संबंध नव्हता, पण ते मोठे होते, त्यांना विरोध कोण करणार? तिसऱ्यांचाही संबंध नव्हता, पण त्यांच्या मागे आप्पा होते. आप्पा मूळचे मांजरीकडचे. उसाची जमीन इमारतींना गेली आणि आप्पा राजकारणात आले. मनाने माणूस मोकळा. एके दिवशी स्वतःच दुकानात येऊन बसले.

"कासमभाई, तुमच्या वडलांबद्दल आमाला आदर हाय. पर दाजींचं नाव आता वर गेलंय. माघारी घ्यावं तर पोरं ऐकत न्हाईत."

"दाजी कधी इकडे आले होते का?"

"एकदा मेळाव्याला आलते की. फेटा तुमच्याकडनंच नेला हुता."

"मग ओळखीचे आहेत," कासमभाई म्हणाले.

आप्पांना हे आवडलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आजून एक हाय. चौक झाला म्हंजी मदी कारंजं येणार. जागा लागंल. तुमची ही खिडकी तेवढी मागं घ्यावी लागंल. दोन हात फक्त."

कासमभाईंनी खिडकीकडे पाहिलं. दोन हात मागे म्हणजे खिडकी जाऊन नुसती भिंत राहणार होती. त्यांनी आप्पांना चहा दिला आणि मला दिला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्या महिन्यात कोपऱ्यावर रोज कोणाची ना कोणाची घोषणाबाजी. पोलिसांनी लोखंडी अडसर आणून नेमके दुकानाच्या पायरीला टेकवून ठेवले. ईद त्यातच गेली, लग्नसराई त्यातच गेली. गिऱ्हाइकं लांबून पाहून वळायची. मी रोज जाऊन बसायचो. कासमभाई माझ्याशी बोलायचे, हवापाण्याचं बोलायचे. मी विषय काढला की उठून एखादी आधीच नीट लावलेली टोपी नीट लावायचे.

सुनावणी ठरली. मी भाषण तयार करून नेलं. टांगेवाले, उन्हाळा, सोला हॅटी, सगळं मांडलं. साहेबाची टोपी गरिबाच्या डोक्यावर गेली, याहून स्वातंत्र्य वेगळं काय असतं, असं वाक्य टाकून मी टाळ्यांसाठी थांबलो.

सेनापतीवाल्यांपैकी एक उठला. "म्हणजे हे इंग्रजांचे टोपीवाले. स्वतंत्र देशात त्यांचं नाव?"

समाजसुधारकवाला म्हणाला, "सेनापतींच्या मिरवणुकीचे फेटे यांच्याच दुकानातून जातात. आमचा विरोध आहे."

फेट्यांवरून सेनापतीवाले पुन्हा उठले, "आणि पांढऱ्या टोप्या? त्या कोणाला पुरवल्या?" आप्पांच्या बाजूच्या एकाला आठवलं की गेल्या निवडणुकीत विरोधकांच्या छापील टोप्या इथेच तयार झाल्या होत्या. पाच मिनिटांत तिन्ही पक्षांचं पहिलं आणि शेवटचं एकमत झालं. या माणसाने सगळ्यांच्याच डोक्याला टोपी दिली, म्हणून तो कोणाचाच नव्हता.

कासमभाई उठले. अंगात इस्त्रीचा कोट होता, डोकं नेहमीसारखं मोकळं. अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, माझ्या वडिलांचं नाव मी मागे घेतो. त्यांनी ते मागितलं नव्हतं, मीही नाही. आपण हवं ते नाव द्या. माझी खिडकी तेवढी राहू द्या."

अधिकाऱ्यांना फार बरं वाटलं. खिडकी राहू द्यावी, असा शेरा त्यांनी तिथल्या तिथे लिहिला. जिना उतरताना मी म्हणालो, "कासमभाई, तुम्ही नाव सोडायला नको होतं."

"मला खिडकी तरी वाचवायची होती," ते म्हणाले. "तुमचं भाषण आणखी थोडं चाललं असतं तर तीही गेली असती."

उरलेल्या तिघांत तडजोड काही झाली नाही. एकमेकांच्या सभा उधळून झाल्या, बॅनर फाडून झाले, दोन-चार डोकी फुटली. शेवटी कचेरीने कोणीच न मागितलेलं नाव देऊन टाकलं : एकात्मता चौक. कारंजंही झालं. शेऱ्याप्रमाणे खिडकीला हात लावला नाही. फक्त कारंज्याचा दगडी चबुतरा बरोबर तिच्यासमोर आला, माणसाच्या उंचीहून थोडा जास्त. रस्त्यावरून खिडकी दिसायची बंद झाली. कारंज्यातून पाणी उद्घाटनाच्या दिवशी आलं.

उद्घाटनाचे फेटे कोणाकडून? कासमभाईंकडूनच. रस्त्यावर दुसरं दुकान होतं कुठे? पाहुण्यांना आणि तिन्ही पक्षांच्या लोकांना त्यांनी रांगेत उभं करून स्वतःच्या हाताने फेटे बांधले. आप्पा कुरकुरले, "कासमभाई, लई घट्ट झालाय."

"डोकं वाढलंय, आप्पा. अभिनंदन."

मला वाटलं होतं, पाटीवर काही असो, लोक टोपीवाला कॉर्नरच म्हणतील. सुरुवातीला म्हणतही होते. मग जुने रिक्षावाले कमी होत गेले. बसथांब्यावर एकात्मता लागलं, पाकिटांवर एकात्मता आलं, पुढे फोनमधली बाई एकात्मता चौकात उजवीकडे वळायला सांगू लागली. मी एकदा कासमभाईंना म्हणालो, "मेन स्ट्रीटचं नाव बदलून इतकी वर्षं झाली, तरी अजून लोक मेन स्ट्रीट म्हणतात. मग आपल्याच कोपऱ्याचं असं का व्हावं?"

ते म्हणाले, "मेन स्ट्रीटसाठी कोणी अर्ज केला नव्हता."

पुढे त्यांच्याने पायरी चढवेना. लेकीने त्यांना हडपसरला आपल्या फ्लॅटवर नेलं. दुकान पुतण्याने फोनचं सामान विकणाऱ्याला भाड्याने दिलं. मी हळहळलो, पण कासमभाई म्हणाले, "फोनला कव्हर म्हणजे टोपीच की. धंदा बदललेला नाही." ताबा द्यायच्या आधी एकदा बघून यावंसं मात्र त्यांना वाटलं, आणि लेक नोकरीवर असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

आम्ही हडपसरच्या रस्त्यावर रिक्षा थांबवली. रिक्षावाला तरुण होता.

"कुठं?"

"टोपीवाला कॉर्नर," मी म्हणालो.

"ते कुठं आलं?"

मी सांगायला लागलो. मेन स्ट्रीट, इब्राहीमभाई, टांगेवाले. सोला हॅटपर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, "काका, मीटर टाकू का गोष्ट ऐकू?"

कासमभाई आत बसलेले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात ते म्हणाले, "एकात्मता चौक."

रिक्षा लगेच निघाली.

चौकात पोचल्यावर ते उतरले नाहीत. रिक्षावाल्याला त्यांनी कारंज्याभोवती हळू घ्यायला सांगितलं. कोरड्या चबुतऱ्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता. त्याला वळसा घातल्यावर दुकान दिसलं, काच दिसली. आत माणसं घोडी लावून खुंट्या उचकटत होती. कासमभाईंनी काचेकडे पाहिलं. "पुसलेली नाही," म्हणाले. मग रिक्षावाल्याला, "चला परत."

पुलगेट ओलांडेपर्यंत मी कसाबसा धीर धरला आणि मग म्हणालो, "कासमभाई, मी हे सगळं लिहून काढणार आहे. तुमच्यावर, दुकानावर, या कोपऱ्यावर. नाव कुठेतरी राहायला हवं."

त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, डॉक्टर जुन्या पेशंटकडे बघतो तसं.

"देवधर," ते म्हणाले, "मी गेल्यावर माझ्यावर काही लिहू नका. तुम्ही हात लावल्यावर काय उरतं, ते आत्ताच बघून आलोय."